साखरेच्या भावातून दिलेली मदत : दोन बेटांची हकिगत



श्रीमंत देश गरीब देशांना मदत करतात, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. मदत म्हटली की गव्हाची पोती, दुधाची भुकटी नाहीतर कर्ज डोळ्यांपुढे येते. पण एक मदत साखरेच्या भावातून दिली गेली, आणि ती घेणारे आपल्यासारखेच ऊसवाले होते. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

१९७४ साली जागतिक बाजारात साखर पौंडाला ६० सेंटच्या वर गेली. युरोपला, त्यातही इंग्लंडला, साखर कमी पडण्याची धास्ती वाटली. तेव्हा १९७५ च्या लोमे करारात युरोपने आपल्या जुन्या वसाहतींना कोटा बांधून दिला. वर्षाला सुमारे १३ लाख टन साखर घ्यायची, आणि भाव युरोपातल्या बीट-साखरेच्या हिशेबाने द्यायचा. यात दानधर्म कमी आणि गरज जास्त होती, हे ओळखून असावे. पुढे बाजार कोसळला. १९८५ मध्ये भाव तीन सेंटच्याही खाली आला. कोटावाल्यांना मात्र पुष्कळ वर्षे बाजाराच्या दुप्पट-तिप्पट पैसे मिळत राहिले. भारतालाही कोटा होता, पण तो पुढे १०,००० टनांवर आला. म्हणजे २५०० टनी कारखान्याची जेमतेम सव्वा महिन्याची साखर.

सर्वांत मोठा वाटा, सुमारे पाच लाख टन, मॉरिशसला मिळाला. या बेटावर एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातूनही मजूर गेले. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. १९६० च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना या बेटाचे भविष्य अंधारेच दिसले होते. माणसे वाढत होती आणि उसाशिवाय दुसरे काही नव्हते.

मॉरिशसने काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. मोठ्या मळेवाल्यांच्या साखर निर्यातीवर सरकारने कर बसवला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले. मळेवाल्यांनी आपला नफा कापडाच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला. १९९० नंतर बगॅसवरची वीजनिर्मिती वाढवली (हंगाम संपल्यावर तिथे कोळसा जाळतात, ही गोष्ट वेगळी!). थोडक्यात सांगायचं तर, भाव चांगला होता तोवर उसावरचा भार त्यांनी हलका करून घेतला.

या मदतीची दुसरी बाजूही आहे. हाच युरोप आपली जादा बीट-साखर अनुदान देऊन जगात विकत होता. त्यामुळे बाजारभाव पडायचा आणि कोट्याबाहेरच्या ऊसवाल्याला फटका बसायचा. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे, असाच हा प्रकार. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. २००५ मध्ये निकाल युरोपविरुद्ध गेला. त्यानंतर युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये तो जुना करारही संपला.

मॉरिशसने नुकसानभरपाईच्या रकमेतून गिरण्या कमी करून मोठ्या केल्या आणि कच्च्याऐवजी पांढरी साखर विकायला सुरुवात केली. तरी हजारो लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडलाच. २०२० मध्ये तिथले साखर उत्पादन तीन लाख टनांच्या आत होते. देश सावरला, पण लहान ऊसवाला सावरला असे मला म्हणवत नाही.

फिजीची गोष्ट मात्र मनाला लागते. तिथला ऊसवाला बहुतेक दहा-बारा एकरांचा, गिरमिटिया मजुरांचा नातू-पणतू. जमीन खंडाची, मूळ रहिवाशांच्या मालकीची. ३० वर्षांचे खंडकरार १९९७ पासून संपू लागले आणि अनेकांना शिवार सोडावे लागले. खंड पुढे चालेल याची खात्री नसेल, तर नवी लागण कोण करणार? खोडव्यावर खोडवे घेत राहिले. त्यात डिसेंबर २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि भाव उतरल्याबद्दल युरोपकडून यायची मदत अडकली. गिरण्यांच्या दुरुस्तीसाठी भारताच्या एक्झिम बँकेने सुमारे पाच कोटी डॉलरचे कर्ज दिले होते, तरी गिरण्या मोडत राहिल्या. १९९४ साली पाच लाख टनांच्या घरात असलेली साखर २०१० मध्ये दीड लाख टनांच्या आत आली. २०१६ च्या चक्रीवादळात पेनांगची गिरणी मोडली आणि ती बंदच झाली. तिथल्या सभासदांना त्यानंतर आपला ऊस ट्रकने दूर बा गावच्या रारावाई गिरणीवर घालावा लागला.

– ऊस विकास अधिकारी