अंगावरचे पित्त आणि खिशातले पैसे

आमच्या घरात इंग्रजी कागद वाचू शकणारी मी पहिलीच. विजेचे बिल असो की बँकेची चिठ्ठी, कागद माझ्या हाती येतो आणि मी सांगेन तोच त्याचा अर्थ ठरतो. या मानाचा मला अभिमान होता. गेल्या वर्षी आलेल्या एका कागदाने तो उतरवला. त्याची हकीकत येथे सांगते. कारण असा कागद उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो.

असल्फ्याच्या टेकडीवर आमची खोली. धाकटा भाऊ सातवीत. त्याच्या अंगावर तीनदा पित्त उठले. लाल गांधी, खाज, एकदा तर ओठही सुजला. आईने आमसुलाचे पाणी लावले. मग कोणीतरी म्हणाले, "ॲलर्जीची टेस्ट करून घ्या." स्टेशनाजवळच्या एका प्रयोगशाळेत अनेक पदार्थांची एकत्र तपासणी होती, 5,400 रुपयांना. बाबा हमाली करतात, रोज सहाशे मिळतात. म्हणजे नऊ दिवसांची मजुरी. रक्त घेतले, पैसे घेतले. मुलाला काय होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

अहवालात दूध, अंडे, गहू, तूरडाळ, शेंगदाणा, कोळंबी अशा दहा पदार्थांपुढे खुणा होत्या. मी त्यांची यादी करून मोरीशेजारच्या भिंतीवर चिकटवली आणि ते सारे पदार्थ त्याच्या ताटातून काढले. दोन महिने तो भात आणि बटाटा खात होता. त्याचे वजन तीन किलोंनी उतरले.

अखेर आई त्याला राजावाडी रुग्णालयात घेऊन गेली. मीही ऐटीत अहवाल घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी तो बाजूला ठेवला आणि आईला विचारले, "ताई, पित्त उठलं त्या दिवशी त्यानं काय खाल्लं होतं? आणि किती वेळानं उठलं?" आईने आठवून सांगितले : एकदा मावशीकडे कोळंबीचे कालवण, एकदा हळदीतली कोळंबी, एकदा सुका जवळा. तिन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत. "आणि दूध, डाळ, चपाती?" "ती तर रोजच खायचा की, मॅडम. कधी काही झालं नाही." उत्तर आईजवळ होते. आम्ही तिला विचारलेच नव्हते.

मग या तपासणीत चुकते कुठे? 'ॲलर्जी' हा शब्द 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. तिच्यामागे रक्तातले कोणते प्रतिद्रव्य आहे, ते 1966 साली इशिझाका या जपानी दांपत्याने शोधले, त्याला आय.जी.ई. म्हणतात. रक्ततपासणी एखाद्या पदार्थाविरुद्धचे हे प्रतिद्रव्य मोजते. त्वचेच्या तपासणीत हातावर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने किंचित टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध उठते का, ते पाहतात. सेट्रिझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर ही गांध दबते. म्हणून त्या डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाहीतर ते पैसे पाण्यात.

पण प्रतिद्रव्य असणे आणि आजार असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. बंगळूर-म्हैसूरकडच्या प्रौढांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तीत 26.5 टक्के लोकांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्य सापडले. खरी अन्न-ॲलर्जी संभवत होती ती फक्त 1.2 टक्क्यांत. गंमत अशी की, कोळंबीतल्या एका प्रथिनासारखेच प्रथिन झुरळात आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही असते. त्यामुळे ज्याला झुरळांची ॲलर्जी आहे, त्याच्या अहवालात कोळंबीपुढेही खूण येऊ शकते! म्हणजे यादी जितकी लांब, तितक्या फुकाच्या खुणा अधिक. आणि आपण पैसे मोजतो ते त्या लांबीचेच.

याहून महाग फसगत आय.जी.जी. नावाच्या तपासणीत होते. 'अन्न सोसत नाही' म्हणून ती करतात. ते प्रतिद्रव्य माणसाने तो पदार्थ खाल्ला आहे, एवढेच बहुधा सांगते. ॲलर्जीच्या निदानासाठी ती करू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 सालीच जाहीर केले आहे. खरा निकाल लागतो तो रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली तो पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून. हा प्रयोग घरी मुळीच करू नये. श्वास अडला तर ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तिथेच हाताशी असते.

अर्थशास्त्राच्या तासाला केनेथ ॲरो यांचे नाव ऐकले. वैद्यकीय सेवा विकत घेणाऱ्याला आपल्याला काय हवे ते ठाऊक नसते, विकणाऱ्याला असते. म्हणून हा बाजार भाजीबाजारासारखा नसतो, असे त्यांनी 1963 साली मांडले. मला ते पुस्तकातले वाटले नाही. आम्ही मेथीची जुडी दोन रुपयांसाठी घासाघीस करून घेतो आणि 5,400 रुपये मुकाट्याने देतो.

दर आवरता येत नाहीत, असेही नाही. कोरोनाच्या आर.टी.पी.सी.आर. तपासणीला मार्च 2020 मध्ये 4,500 रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्र शासनाने ती उतरवत नेली आणि मार्च 2021 अखेर, केंद्रावर जाऊन नमुना दिल्यास, 500 रुपयांवर आणली. साथ सर्वांच्या दारी होती, म्हणून हे झाले. पित्त एकट्याच्या अंगावर उठते, त्याचा भाव कोण ठरवणार?

तोवर आपल्या हाती काय आहे? वही. त्रास झाला त्या दिवशी काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, कोणते औषध घेतले, हे लिहून ठेवावे आणि ते घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे. संशय एका पदार्थावर असेल तर तपासणीही त्या एकाचीच करावी. आमच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाला सुमारे हजार रुपये पडत होते.

डॉक्टरबाईंनी कोळंबी, जवळा आणि खेकडे बंद केले. बाकीचे जेवण हळूहळू सुरू करून दिले. त्या रात्री आईने त्याला वरण वाढले. तो तीनदा मागून जेवला. बाबा काही बोलले नाहीत. मी उठले आणि भिंतीवरची यादी काढून टाकली.

कागद वाचता येणे म्हणजे शिक्षण, असे मी समजत होते. कागद वाचण्याआधी माणसाला विचारावे, हे मला राजावाडीच्या बाकावर बसून कळले.