शेअर फोल्डर उघडेना? केबलला हात लावू नका

खामगाव-मलकापूरकडच्या अडत दुकानांत नि टॅक्स सल्लागारांच्या ऑफिसात मांडणी साधारण सारखीच: तीन-चार कॉम्प्युटर, एक राउटर आणि टॅलीचा डेटा मालकाच्या मशीनवर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, बऱ्याच जणांनी विंडोज ११ घेतलं आणि फोल्डर उघडणं बंद झालं.

कारण असं की विंडोज ११ प्रो २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचा 'गेस्ट' प्रवेश मुळातच नाकारतं. तो परत चालू करायच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत. माझं मत विचाराल तर त्या नादी लागू नका. डेटावाल्या मशीनवर वेगळा युजर काढा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या मशीनवरून त्याच नावाने आत या. पिन इथे चालत नाही, पासवर्डच लागतो.

तरी 'अ‍ॅक्सेस डिनाइड'? फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन टॅब असतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी कडक असेल तो नियम लागतो. शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' आणि सिक्युरिटीत नुसतं 'रीड' असेल, तर फोल्डर दिसेल, पण व्हाउचर सेव्ह होणार नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते. नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' आहे ना, तेही बघून घ्या.

रिमोट डेस्कटॉप हवा असेल तर समोरच्या मशीनवर प्रो आवृत्तीच लागते, होम चालत नाही. अ‍ॅडमिन नसलेल्या युजरला 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' गटात टाका. आणि घरून काम करायचं म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट उघडा टाकू नका, व्हीपीएन वापरा.