काळ्याने मध्य का सोडला?

बुद्धिबळाचा पट काढा आणि समोर मांडून बसा. हा लेख नुसता वाचून फारसे हाती लागणार नाही. पांढऱ्याच्या बाजूने पाहताना उभ्या रांगांना डावीकडून ए ते एच अशी अक्षरे द्या आणि आडव्या रांगांना खालून वर १ ते ८ असे आकडे द्या. म्हणजे पांढऱ्या वजिरापुढचे प्यादे डी२ वर येईल, आणि राजापुढचे ई२ वर.

काळी मोहरी वाट्याला आली की पुष्कळ मुले हिरमुसतात. पांढरा एक खेळी आधी खेळतो, तेव्हा काळ्याने निमूटपणे बचाव करावा, असा समज असतो. तो खरा नाही. २०२५ साली बाटुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला निर्णायक जलद डाव आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला. काळ्यापाशी शांत बचाव आहेत, तसे अतिशय तिखटही आहेत. त्यांपैकी एक आज पाहू.

प्रत्येक जोडीत पहिली खेळी पांढऱ्याची. प्यादे डी४, घोडा एफ६. प्यादे सी४, प्यादे जी६. घोडा सी३, प्यादे डी५. पांढऱ्याचे सी-प्यादे डी५ वरचे प्यादे मारते, काळा घोडा त्याला परत मारतो. पांढरा प्यादे ई४ वर आणून घोड्याला धमकावतो. घोडा पळत नाही, सी३ वरच्या पांढऱ्या घोड्याला मारून मरतो. बी२ चे प्यादे सी३ वर येते आणि काळा आपला उंट जी७ वर ठेवतो.

आता थांबा आणि पट पाहा. सी३, डी४ आणि ई४ वर पांढरी प्यादी भिंतीसारखी उभी आहेत. काळ्याचे मध्यावर काहीच नाही! पटाचा मध्य ताब्यात ठेवावा, हा बुद्धिबळाचा पहिला धडा. कोपऱ्यातल्या घोड्याला जायला दोनच घरे असतात, मधल्या घोड्याला आठ. यावरून मध्याची किंमत कळते. मग काळ्याने तो असा देऊन का टाकला?

ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली हा बचाव पुढे आणला आणि त्याच वर्षी व्हिएन्नात त्याने अलेखाइनसारख्या बलाढ्य खेळाडूला हरवले. म्हणून याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. त्यामागचा विचार समजायला आणखी तीन खेळ्या करा. पांढरा उंट सी४ वर, काळे प्यादे सी५ वर. पांढरा घोडा ई२ वर, काळा घोडा सी६ वर. पांढरा उंट ई३ वर, आणि काळ्याचा किल्लेकोट.

आता फक्त डी४ या घरावर बोट ठेवा आणि मोजा. त्या प्याद्यावर कोणाकोणाचा मारा आहे? सी५ चे प्यादे, सी६ चा घोडा, जी७ वरून तिरका बघणारा उंट आणि उघड्या डी-रांगेतून बघणारा वजीर. एकूण चार. राखणारे किती? सी३ चे प्यादे, ई२ चा घोडा, ई३ चा उंट आणि डी१ चा वजीर. तेही चार. चारास चार, म्हणून प्यादे उभे आहे. पण पांढऱ्याची एवढी फौज त्या एका घराच्या पहाऱ्यावर अडकली आहे.

आमच्या सौंदडच्या आसपास धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव आहेत. भरलेला तलाव ही श्रीमंती खरी, पण पाळ सांभाळावी लागते. तीन मीटर खोलीवर पाळीच्या दर चौरस मीटरला सुमारे तीन टन वजनाइतका दाब बसतो, आणि तो रात्रंदिवस असतो. पांढऱ्याच्या मध्याचे तसेच आहे. तो मोठा आहे, म्हणूनच त्याला सतत राखावे लागते. काळा भिंत बांधत नाही. तो दाब बांधतो.

आता समजा पांढऱ्यानेही किल्लेकोट केला आणि काळ्याने दुसरा उंट जी४ वर आणला. उंट, पांढरा घोडा आणि त्यामागे वजीर हे एका तिरक्या रेषेत आले. घोडा हलला तर वजीर जाईल; म्हणजे राखणारा घोडा नावापुरताच राहिला. चारास तीन! पांढऱ्याला लगेच एफ२ चे प्यादे एफ३ वर सरकवून उंटाला हुसकावावे लागते. भौतिकशास्त्रात ज्याला आपण अस्थायी समतोल म्हणतो, तो हाच. टोकावर उभी केलेली पेन्सिल जरा ढळली की पडते. शांत डावात एखादी ढिली खेळी पचते, इथे पचत नाही.

२४ एप्रिल २०१० रोजी सोफियात जगज्जेतेपदाच्या सामन्याचा पहिला डाव झाला. टोपालोव्हविरुद्ध विश्वनाथन आनंदकडे काळी मोहरी होती आणि पहिल्या नऊ खेळ्या नेमक्या याच, तुमच्या पटावर आहेत त्याच झाल्या. पुढे आनंदच्या घरच्या तयारीतल्या खेळ्यांचा क्रम चुकला. तेविसाव्या खेळीत त्याने राजा एफ७ वर नेला. टोपालोव्हने लगेच एफ६ वर घोड्याचा बळी दिला आणि तिसाव्या खेळीत डाव संपला. आनंदने नंतर तो सामना साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकला, ही गोष्ट निराळी. पण आनंदच्या स्मरणशक्तीलाही जे ओझे पेलले नाही, ते शाळकरी मुलांनी घोकंपट्टीने पेलावे, असा आग्रह काही शिकवणारे का धरतात, हे मला कळत नाही. डी४ चा हिशोब मात्र आठवीतला मुलगाही दर खेळीला करू शकतो.

ग्रुनफेल्डचे नाव लागले तरी या बचावाचा धागा आपल्याकडे पोचतो. सौंदडवरून जाणारा जुना सहा क्रमांकाचा महामार्ग पूर्वेला कलकत्त्याला जात असे. त्या कलकत्त्यात १८५५ साली जॉन कॉक्रन या स्कॉटिश वकिलाविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी हेच खेळले होते: घोडा एफ६, प्यादे जी६, प्यादे डी५. ग्रुनफेल्डच्या सदुसष्ट वर्षे आधी! महेशचंद्र एका खेड्यातले. तिथे त्यांना कोणी हरवत नाही, अशी ख्याती ऐकून कॉक्रनने त्यांना गाठले होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. त्यामुळे जी६ सारखी लहान पावले टाकून, उंट कोपऱ्याशी ठेवून, मध्यावर दुरून नजर ठेवणे आपल्या खेळाडूंच्या अंगवळणी पडले असावे. तो डाव महेशचंद्र हरले. पण अशा बचावांना आज जगभर ‘इंडियन’ म्हणतात, ते त्यांच्यासारख्यांच्या खेळामुळे.

१९५६ साली न्यू यॉर्कमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी वजिराचा बळी देऊन जो डाव जिंकला, तोही ग्रुनफेल्डच. तो मिळवून जरूर खेळून पाहा. पांढऱ्याचा राजा किल्लेकोटाविना मध्यावरच राहिला होता, तिकडे लक्ष द्या.

आता एक प्रश्न. आपल्या डावात पांढऱ्याने घोडा ई२ वर ठेवला. एफ३ हे घर त्याहून ऐसपैस आणि मोकळे; मग तिथे का नाही ठेवला? मोहरी पुन्हा मांडा, घोडा एफ३ वर ठेवा, काळा उंट जी४ वर आणा आणि पाहा, आता कोणते प्यादे अडले. शिक्षकांनी फळ्यावर पट काढला तर सगळा वर्ग मिळून उत्तर शोधता येईल.