विश्लेषण : ब्रेक लागला होता, तरी धडक एवढी जबर का?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी, रविवारी दुपारी याच पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या कारला अपघात झाला. गुजरातमधील उदवाड्याहून मुंबईकडे येणारी मर्सिडीज पुलाच्या काँक्रीट कठड्यावर आदळली. मागच्या सीटवर बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. हाच रस्ता पुढे मनोर, विरार फाटा, वसई फाटा असा वसई-विरारच्या पूर्वेकडून जातो आणि इथले हजारो लोक रोज त्यावरून प्रवास करतात.

कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार धडकेच्या काही सेकंद आधी कारचा वेग ताशी 100 किमी होता आणि ब्रेक दाबल्यानंतर प्रत्यक्ष धडकेवेळी तो 89 किमी होता. नववीच्या विज्ञानातील ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ हे धडे या दोन आकड्यांतून नीट समजतात.

11 किमी वेग कमी झाला, म्हणजे किती फरक पडला?

फरक दोन पद्धतींनी मोजता येतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्यामुळे वेग 11 टक्के घटला की संवेगही 11 टक्केच घटतो. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गावर चालते. 89 चा वर्ग 7,921 आणि 100 चा वर्ग 10,000. म्हणजे ब्रेकने जवळपास 21 टक्के ऊर्जा खाल्ली. ब्रेकचे काम वाटते त्यापेक्षा मोठे होते, तरीही 79 टक्के ऊर्जा शिल्लक राहिली आणि ती कठड्यापर्यंत पोहोचली.

ताशी 89 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 24.7 मीटर. सुमारे 31 मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर याच वेगाने आदळते. विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीतील एखाद्या टॉवरच्या दहाव्या मजल्याकडे मान वर करून पाहिले, की या वेगाचा अंदाज येतो. स्पीडोमीटरवर 89 दिसते तेव्हा मात्र ‘आपण हळूच चाललोय’ असे वाटते.

एवढा संवेग आणि ऊर्जा जाते कुठे?

टकरीत एकूण संवेग कायम राहतो. कारचा संवेग पुलामार्फत पृथ्वीला मिळतो. पृथ्वी इतकी अवजड, की तिला त्याचा पत्ताही लागत नाही. ऊर्जेचा हिशेब वेगळा आहे. कॅरममध्ये स्ट्रायकरची बरीचशी ऊर्जा सोंगटीकडे जाते आणि सोंगटी पळते. कार कठड्यावर आदळते तेव्हा पळायला कोणीच नसते. मग ऊर्जा पत्रा चुरगळण्यात, काच फुटण्यात, उष्णतेत आणि आवाजात जाते, आणि तिथेही पुरेशी जिरली नाही तर माणसाच्या हाडांत.

‘जुन्या गाड्यांचा पत्रा कसला दणकट होता’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. पत्रा दणकट होता हे खरे, पण न चुरगळणारी गाडी ऊर्जा आतल्या माणसाच्या वाट्याला जास्त टाकते. आताच्या गाड्यांचा पुढचा भाग मुद्दामच चुरगळेल असा बनवतात.

मग बेल्ट नेमके काय करतो?

70 किलोच्या माणसाची 89 किमी वेगातील गतिज ऊर्जा सुमारे 21,400 ज्यूल. ती शून्यावर यायचीच आहे, बेल्ट असो वा नसो. किती अंतरात यायची, एवढेच आपल्या हाती असते. समजा बेल्टचा ताण आणि पुढचा चुरगळलेला भाग मिळून माणसाला थांबायला 1 मीटर मिळाला. तर त्याच्यावर सरासरी सुमारे 2.2 टन वजनाएवढे बल येते. हे भयंकरच आहे, पण ते छाती, खांदा आणि कंबरेच्या हाडांवर वाटले जाते. बेल्ट नसेल तर कार थांबते आणि माणूस जडत्वामुळे 89 च्याच वेगाने पुढे जात राहतो. समोरच्या सीटवर तो 10 सेंटीमीटरमध्ये थांबला, तर बल दहापट होते, म्हणजे 22 टन. शिवाय मागून येणारे हे वजन पुढच्या प्रवाशावर आदळते ते वेगळेच.

लहान मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी हाच हिशेब करून पाहावा. 10 किलोचे मूल, वेग ताशी 60 किमी, थांबायला अर्धा मीटर. त्याला धरून ठेवायला हातांना सुमारे 280 किलो उचलण्याएवढी ताकद लागेल, तीही सेकंदाच्या छोट्याशा अंशात. एवढी ताकद कोणत्याच आईबापाच्या हातात नसते.

कंटेनर आणि कारच्या टकरीत कोणावर जास्त बल?

परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न. उत्तर : दोघांवर सारखेच. फरक पडतो तो वेगातील बदलात. 19 टनांचा कंटेनर आणि 1 टनाची कार ताशी 60 किमी वेगाने समोरासमोर धडकून एकमेकांत अडकली, असे धरू. संवेगाच्या हिशेबाने दोन्ही मिळून कंटेनरच्याच दिशेने 54 किमी वेगाने जातील. कंटेनरचा वेग 6 ने बदलला. कार 60 ने पुढे जात होती, ती 54 ने मागे ढकलली गेली. तिचा बदल 114. या टकरीत हरवलेली ऊर्जा कारच्या स्वतःच्या ऊर्जेच्या जवळपास चौपट असते आणि तिचा मोठा भाग हलक्या गाडीच्या पत्र्यात जिरतो. गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत ओव्हरटेक करताना ही चौपट लक्षात असलेली बरी. डबल इंजिन, सनरूफ असल्या गोष्टींचा या गणितात कुठेच उपयोग होत नाही.

नियम काय सांगतो?

मागच्या प्रवाशांनाही सीटबेल्ट सक्तीचा आहे आणि हा नियम 2022 च्या आधीपासूनचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार बेल्ट न लावल्यास 1,000 रुपये दंड होतो. मिस्त्री यांच्या अपघातानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून चालकासह सर्व प्रवाशांना बेल्ट बंधनकारक असल्याचे जाहीर केले. महामार्गावर धावणाऱ्या अनेक भाड्याच्या गाड्यांत मात्र मागच्या बेल्टचे बकल अजूनही सीट कव्हरखाली दबलेले असते. ते बाहेर काढायला चालकाला सांगावे लागते.