वाकडी वाट करून

एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका म्हणाले होते, ‘तीनच तारे? मग एवढं काय कौतुक? आमच्या मुलाचं रिसेप्शन पाच ताऱ्यांच्या हॉटेलात झालं!’ पंचतारांकित हॉटेल आणि रेस्तराँना मिळणारा मिशेलिनचा तारा यांची आपल्याकडे अशी हमखास गल्लत होते. हॉटेलाचे पाच तारे खोल्या, लिफ्ट, पोहण्याचा तलाव असल्या सोयींचे. मिशेलिनचा तारा ताटात काय वाढलं तेवढंच बघतो, आणि तीनच्या पुढे जात नाही. या मापाचा जन्म मात्र स्वयंपाकघरात झालेला नाही. तो झाला टायरच्या कारखान्यात.

फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे भाऊ टायर बनवत. 1900 साली साऱ्या देशात मोटारी तीन हजारांच्याही आत होत्या, आणि या पठ्ठ्यांनी मोटारवाल्यांसाठी छोटी मार्गदर्शिका छापली ती 35,000 प्रतींची! हिशेब सरळ होता. लोक हिंडले की टायर झिजतील, झिजले की नवे घेतील. टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मिस्त्री कुठे आहे, रात्री पाठ कुठे टेकायची, सगळं त्यात होतं, आणि फुकट होतं. मग आंद्रेला म्हणे एका टायरविक्रेत्याकडे कामाच्या बाकाला टेकू म्हणून आपलीच पुस्तकं लावलेली दिसली. फुकटच्या वस्तूची हीच गत होणार, हे त्याने ओळखलं. 1920 पासून पुस्तकाला सात फ्रँक किंमत लागली.

चांगल्या जेवणाचा तारा आला 1926 मध्ये, सुरुवातीला एकच. 1931 पासून एक, दोन, तीन अशी चढण झाली आणि 1936 मध्ये त्यांचे अर्थ छापले गेले. त्या अर्थांत टायरवाल्याचं डोकं स्वच्छ दिसतं. एक तारा म्हणजे वाटेत थांबावं असं जेवण. दोन म्हणजे वाट वाकडी करावी असं. तीन म्हणजे त्या जेवणासाठीच घरातून निघावं असं. चव मोजायची, पण एकक अंतराचं! आपणही हे नकळत करतोच. गाडी कर्जतला थांबतेच, म्हणून खिडकीतून वडा घेतला, तो पहिला तारा. कोल्हापूरला निघालेला माणूस कंदी पेढ्यांसाठी महामार्ग सोडून साताऱ्यात शिरतो, तो दुसरा. आणि दुसरं काही काम नसताना तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी मुंबईहून कोल्हापूर गाठणारे महाभाग कुणाच्या ओळखीत नाहीत?

बैठक, सेवा, थाटमाट यांच्यासाठी त्याच पुस्तकात वेगळी खूण असे, काटा-चमच्याची. ही विभागणी मला या पद्धतीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. झुंबराखाली बसलं की वरणभातही चार पैसे महाग लागतो. ताट आणि खुर्ची वेगळी मोजली की हा घोळ टळतो. 1933 मध्ये एजेनी ब्राझिये या बाईंच्या दोन्ही खानावळींना तीन-तीन तारे मिळाले. एक ल्योन शहरात होती आणि दुसरी शहराबाहेर, डोंगरातल्या घाटमाथ्यावर. घाट चढून लोक जेवायला जात, म्हणजे तिसऱ्या ताऱ्याची व्याख्या छापली जाण्याआधीच तिथं अक्षरशः पाळली जात होती.

तारे देणारे निरीक्षक कंपनीचे पगारी नोकर असतात. नाव न सांगता येतात, गिऱ्हाइकासारखे जेवतात, बिल भरतात. जिन्नसांचा दर्जा, शिजवण्यातला हात, चवींचा मेळ, आचाऱ्याची स्वतःची छाप आणि रोज तीच चव टिकणं, या पाच गोष्टी ते बघतात. निर्णय एकट्याचा नसतो, बैठकीत होतो. पण कारण कुणाला कळत नाही, आणि तिथंच माणसं होरपळतात. 2019 मध्ये फ्रेंच आचारी मार्क व्हेरा यांचा तिसरा तारा गेला. आपल्या सुफ्लेत निरीक्षकाला चेडर चीज आहे असं वाटलं, असा त्यांचा दावा, आणि हा त्यांच्या लेखी डोंगरी चीजचा घोर अपमान. कारणं दाखवा म्हणून ते कोर्टात गेले आणि हरले. त्याआधी 2017 मध्ये सेबास्तियाँ ब्रास या दुसऱ्या आचाऱ्यांनी आम्हाला पुस्तकातूनच वगळा अशी विनंती केली. वगळलं, मग 2019 च्या आवृत्तीत दोन तारे देऊन, न विचारता, पुन्हा आत घेतलं. तारा हा आचाऱ्याच्या मालकीचा दागिना नव्हे, हे कंपनीने यापेक्षा कडक भाषेत सांगायची गरज नव्हती.

बेताच्या दरातल्या चांगल्या जेवणासाठी 1997 पासून ‘बिब गुर्माँ’ ही वेगळी खूण आहे. पण 2016 मध्ये सिंगापूरच्या एका खाऊगल्लीतल्या गाड्याला चक्क तारा मिळाला. सोया सॉसमधली कोंबडी आणि भात, दोनेक सिंगापुरी डॉलरांत! तिथं काटा-चमच्याचा प्रश्नच नव्हता. याच वर्षांत मात्र पुस्तकाचा संसारही बदलला. आता काही देशांची पर्यटन खाती पैसे मोजून मार्गदर्शिका आपल्याकडे आणतात. थायलंडने आणली ती अशीच. पूर्वी टायर खपावेत म्हणून माणसाला घराबाहेर काढत, आता विमानाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या खपाव्यात म्हणून. तारे विकले जातात असं मी म्हणत नाही. पण निरीक्षक कुठल्या देशात उतरणार, हे पैसा ठरवतो एवढं खरं.

भारतात ही मार्गदर्शिका अजून निघालेली नाही, त्यामुळे इथल्या कुठल्याही स्वयंपाकघराला तारा नाही. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना तो मिळाला बँकॉकमधल्या ‘गा’साठी, 2018 मध्ये, पुढे दुसराही मिळाला. तीन तारे मिळवणारं जगातलं पहिलं भारतीय रेस्तराँ दुबईत आहे. हिमांशु सैनी यांच्या ‘त्रेसिंद स्टुडिओ’ला ते 2025 मध्ये मिळाले. लग्नातल्या त्या काकांना हे सांगितलं तर ते आधी विचारतील, तिथं हॉल केवढा आहे? जेमतेम वीसेक खुर्च्यांचा, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते.