दिवा लागला, पण बिघडलं काय?

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर वळला येऊन गाडीच्या चाकाच्या सेन्सरवर बोलणार, हे ऐकून काहीजण गंमत बघायला आलेले दिसतात. (हशा) हरकत नाही. मी मेकॅनिक नाही. मात्र आयुष्यभर अनुमान शिकवलं आणि सत्तरी उलटल्यावर त्याच अनुमानात नापास झालो. ती गोष्ट आज सांगतो.

गेल्या पावसाळ्यात रांजनोली नाक्याजवळ माझ्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागला. शेजाऱ्यांच्या गाडीला असंच झालं होतं आणि सेन्सर बदलल्यावर दिवा गेला होता. मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं, 'सेन्सर गेलाय.' स्कॅनरनेही पुढचं डावं चाक दाखवलं. तिथला मुलगा म्हणाला, 'सर, आधी वायर बघू द्या.' मी म्हटलं, 'वेळ नाही, बदलून टाक.' त्याने बदलला. दोन दिवसांनी दिवा परत हजर!

आता दिवा म्हणतो तरी काय, ते बघा. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्यावरून किंवा बेअरिंगमधल्या चुंबकी पट्टीवरून तो वेग मोजतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक अडकायला लागलं, की संगणक त्या चाकाचा ब्रेक सेकंदाला अनेकदा सोडतो आणि धरतो. चाक फिरत राहतं, म्हणून स्टिअरिंग हातात राहतं. बॉश कंपनीची ही यंत्रणा 1978 साली मर्सिडीजच्या गाडीत आली. आपल्याकडे 2019 पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. एका चाकाची खबर येईनाशी झाली, की संगणक यंत्रणा बंद करतो आणि दिवा लावतो. साधे ब्रेक चालतात. पण सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी तिथेच थांबवायची. त्यात तडजोड नाही.

भिवंडीकरांना हे मागावरून लगेच कळेल. बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. पण माग थांबला म्हणजे धागा तुटलाच, असं म्हणता येईल का? धागा शाबूत असून तो ओळखणारा काटाच वाकला असेल, तरी माग थांबतो.

न्यायशास्त्रात हेच आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. त्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. तसंच, सेन्सर गेला तर दिवा लागतो, हे बरोबर. पण दिवा लागला म्हणून सेन्सरच गेला, हे चूक. वायर तुटली, कपलरमध्ये पाणी शिरलं, कड्याला तडा गेला, बेअरिंग बदलताना उलटं बसलं, किंवा एकच टायर वेगळ्या मापाचा घातला, तरी दिवा लागू शकतो. असा हेतू सव्यभिचार, म्हणजे एका घराशी एकनिष्ठ नसलेला. (हशा)

मग तपासायचं कसं? क्रमाने घेऊ.

पहिलं, एबीएस वाचणारा स्कॅनर लावा. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. सी 0035 म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. इथे 'सर्किट' हा शब्द नीट ऐका. कोड आपल्याला गल्ली सांगतो, घर नाही.

दुसरं, डोळे वापरा. गाडी घोडीवर ठेवून चाक काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. वायर घासली आहे का, क्लिप तुटली आहे का, कपलरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, कड्यावर चिखल आणि लोखंडाचा कीस बसलाय का, ते बघा. आपल्या इथल्या गोदामांच्या रस्त्यांवर खड्डे आणि चिखल यांची कमतरता नाही.

तिसरं, चारही चाकांचे वेग स्कॅनरवर बघत गाडी ताशी 20–30 किलोमीटरने चालवा. स्क्रीन दुसऱ्याने बघायची. तीन चाकं 25 दाखवतात आणि एक शून्य, तर चाक नक्की झालं. गाडी थांबता थांबता ब्रेकचं पायडल उगाच थरथरत असेल, तर आधी कड्यावर संशय घ्या.

चौथं, मल्टिमीटर. जुन्या, कॉइलच्या सेन्सरचा रोध साधारण 1000 ते 2000 ओहम असतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना करा. नव्या, इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर ओहम मोजू नका. चावी चालू करून कपलरपर्यंत वीज येते का, ते मोजा.

पाचवं, अन्वय-व्यतिरेक. वायर हलवली की आकडा जातो, सोडली की येतो. कारण असताना कार्य आणि नसताना नाही, हे दोन्ही दिसलं पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 साली फरकाची पद्धत मांडली, ती याच जातीची.

आता माझ्या गाडीचं. दिवा परतल्यावर मी त्या मुलाला सगळ्यांसमोर म्हणालो, 'डुप्लिकेट माल लावलास.' पुढे एका संध्याकाळी पावसात समोरच्या ट्रकने ब्रेक मारला. मीही मारला. पुढची चाकं अडकली, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ घसरत गेली. हातभर अंतर राहिलं. शेजारी नातू बसला होता.

दुसऱ्या दिवशी इथे वळमध्येच एका वयस्कर मेकॅनिकने चाक उचललं. माझ्या हातात स्कॅनर दिला, स्वतः चाक फिरवत राहिले आणि मला म्हणाले, 'स्टिअरिंग पूर्ण डावीकडे घ्या.' आकडा गायब. सरळ केलं, आकडा हजर. केबलची क्लिप तुटली होती, म्हणून वळताना ओढ कपलरवर यायची. आत गाडीकडची पिन गंजून सैल झाली होती. सेन्सर बदलताना कपलर काढून लावला, तेव्हा गंज थोडा खरवडला गेला. ते दोन दिवस त्याचेच होते. मी त्याला 'सेन्सर बदलला म्हणून' समजत होतो! पिन बदलली, नवी क्लिप बसवली. दिवा गेला, तो आजतागायत.

त्या मुलाची मी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, 'सर, मी तर वायर बघू म्हटलं होतं.' चाळीस वर्षं वर्गात हेत्वाभास शिकवलेल्या माणसाला याहून नेमका शेरा कुणी दिला नव्हता.

तेव्हा दिवा लागला तर घाबरू नका, अंतर वाढवा, वेग कमी करा आणि लवकर दाखवा. गॅरेजमध्ये 'हे बदला' असं सांगू नका. 'काय होतंय ते बघा' असं सांगा आणि बघायला वेळ द्या.