मांडीवरचे मूल आणि मे महिन्यातला गाव

शाळांचे निकाल लागले की मुंब्रा, कुर्ला, भिवंडीतल्या घराघरांत माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. घरात दीड-दोन वर्षांचे बाळ असले की मात्र कोणीतरी म्हणतेच, "मूल लहान आहे, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू." आम्हाला हे पटत नाही. पुढच्या वर्षी मूल मोठे होईल हे खरे, पण गावी वाट पाहणारी दादीही एका वर्षाने थकलेली असेल. तेव्हा जावेच, तयारी तेवढी मुलाच्या बेताने करावी.

आमच्यापैकी पुष्कळांचे गाव कोकणात, म्हणून कोकण रेल्वेचेच बोलतो. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि सुट्टीतल्या गाड्या बघता बघता भरतात. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. हवा असेल तर पूर्ण भाडे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे, घेतल्यास पूर्ण. रात्रीच्या गाडीत हे पैसे वाचवले की आई सकाळपर्यंत मूल कुशीत धरून अर्ध्या बर्थवर अवघडलेली असते. परवडत असेल तर बर्थ घ्यावा. आईचीही सुट्टीच असते, हे आपल्या घरांत अजून सांगावे लागते!

दिवसाची गाडी मिळाली तर उत्तम. खिडकी हेच मुलाचे खेळणे. बोगद्यात मुले घाबरतात, म्हणून आधीच सांगावे की आता अंधार येणार, आपण मोठ्याने मोजू या. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे शंभरपर्यंत मोजून होते, अलिफ-बे म्हणून होते, तरी अंधार उरतोच.

खाण्यात साधेपणा ठेवावा. घरची खिचडी, केळी, खजूर. मे महिन्यात दूध नासते, म्हणून दूध पावडर आणि थर्मासमध्ये उकळलेले गरम पाणी वेगवेगळे न्यावे, लागेल तेव्हाच मिसळावे आणि बाटलीत उरलेले टाकून द्यावे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवावी. एक लिटरची पुडी एका ग्लासात ढवळणे धोक्याचे आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूध पुरते, उन्हाळ्यातही.

नमाजेसाठी आईवडिलांनी पाळी लावावी. शाफई घरांत सफरीत जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे, लहान मुलांच्या आयांना ती फार उपयोगी पडते. हनफी घरांत कसर आहेच. मूल मध्येच येऊन बिलगले तर चिडू नये. प्यारे नबी (स.) आपली नात उमामा हिला उचलून घेऊन नमाज अदा करीत, हे सहीह हदीसमध्ये आले आहे.

गावी पोहोचल्यावर मात्र डोळे उघडे हवेत. कठडा नसलेली विहीर आणि अंगणातली पाण्याची टाकी आधी पाहून घ्यावी. आंब्याचा चीक ओठांना लागला तर फोड येतात, म्हणून देठाकडचा भाग काढून, धुऊनच फळ द्यावे. जांभा दगडाच्या गडग्यात आणि लाकडांच्या ढिगाऱ्यात विंचू असतात. मुलाला अनवाणी सोडू नये, चपला झटकून घालाव्यात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रूढ केले आणि असंख्य जीव वाचले. पण ते वेळेत मिळायला हवे. लहान मुलाला विंचू चावल्यास घरगुती उपायांत तासभर घालवू नका, थेट आरोग्य केंद्र गाठा. ते कुठे आहे आणि रात्री रिक्षा कोणाची मिळेल, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

एक नाजूक गोष्ट. वडीलधारी मंडळी प्रेमाने बाळाला मध चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. सुनेने हे सांगितले तर वाईट दिसते. मुलानेच आपल्या अम्मीला अदबीने सांगावे.

आणि आल्या आल्या मुलाला या खालाकडून त्या मामूकडे फिरवू नये. ते रडते, मग "अगदीच आईवेडे आहे" असे ऐकावे लागते. त्याला सगळ्यांचे चेहरे दुरून पाहू द्या. दोन दिवसांत ते आपणहून दादीच्या बिछान्यात शिरते, आणि मग आईने बोलावले तरी येत नाही.